गाविलगडचा बरकंदाज: ५४ मिलिमीटरचा सैनिक रंगवणे आणि त्याच्या पायाखालची जमीन उभारणे

लघुसैनिक हाती आला की बहुतेक जण आधी चेहरा रंगवतात, मग कपडे, मग शस्त्रे. शेवटी त्याला उभा कशावर करायचा हा प्रश्न पडतो. लाकडाच्या ठोकळ्यावर थोडी माती आणि थोडे हिरवे गवत चिकटवले जाते, आणि महिनाभर राबून रंगवलेला सैनिक तिथे नुसता आणून ठेवल्यासारखा दिसतो. जोड्यांवर धूळ नाही, चोळण्याच्या म्हणजे ढगळ विजारीच्या काठाला मातीचा रंग नाही, ऊन त्याच्यावर एका बाजूने आणि दगडावर दुसऱ्या बाजूने पडलेले. म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे: जागा कोणती, महिना कोणता, ऊन कुठून येते हे आधी पक्के करायचे आणि त्यानंतरच ब्रशला हात लावायचा.

उदाहरण विदर्भातलेच घेऊ. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी गाविलगड घेतला. किल्ला नागपूरकर भोसल्यांचा आणि किल्लेदार बेनीसिंह. त्याआधी २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या आडगावला लढाई झाली होती. दोन लढायांत सोळा दिवसांचे अंतर, त्यामुळे शिपाई एकाच पेहरावात दाखवला तरी चालेल, पण त्याच्या पायाखालची जमीन पार वेगळी. आडगावला भुईला भेगा पडणारी काळी कपाशीची माती, गाविलगडावर सातपुड्याचा काळा बेसाल्ट, त्यावर पातळ तांबूस मुरूम, वाळलेले गवत आणि सागाचा पाचोळा. आपण गडाच्या तटाशी उभा असलेला एक बरकंदाज करू, म्हणजे तोड्याची बंदूक घेतलेला शिपाई. काळ्या मातीची कृतीही पुढे दिली आहे, कारण विदर्भातल्या कुठल्याही देखाव्याला ती कधी ना कधी लागतेच.

माप

५४ मिमीचा सैनिक म्हणजे साधारण १/३२ प्रमाण. खरे माप सेंटिमीटरमध्ये घ्या, दहाने गुणा, ३२ ने भागा, की मिलिमीटर मिळतात. १७० सेंमी उंचीचा माणूस ५३ मिमी होतो. १६० सेंमीची बंदूक ५० मिमी, गुडघाभर म्हणजे ४५ सेंमीचे गवत १४ मिमी, मुठीएवढा दगड ३ मिमी, छातीएवढा तट ३८ मिमी, तटाच्या दगडाचा ३० सेंमीचा थर साडेनऊ मिमी. ही यादी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. देखावे बिघडतात ते बहुधा इथेच. वाळूचा एक मिलिमीटरचा कण या मापात तीन सेंटिमीटरचा खडा असतो, त्यामुळे चाळणी न लावता टाकलेली वाळू सैनिकाच्या पायाशी गिट्टी पसरल्यासारखी दिसते.

हवा, पाणी आणि उजेड

रंगकामाची इंग्रजी पुस्तके थंड, दमट देशातली असतात. तिथले प्रमाण आणि वाळण्याच्या वेळा आपल्याकडे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो. टोक फुटते आणि रेघ तुटक येते. डब्यातला स्प्रे प्राइमर, म्हणजे रंगाआधीचे अस्तर, तर बाहुलीपर्यंत पोचण्याआधी हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर सॅंडपेपरसारखी खरड बसते. उन्हाळ्यात फवारणी सूर्योदयाच्या सुमारास उरकावी आणि डबा आदल्या रात्रीपासून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावा. तो उन्हात ठेवू नये, फ्रिजमध्येही नको.

कूलर दोन्ही अंगांनी वागतो. ब्रशने काम करताना त्याची ओल उपयोगी पडते, रंग उशिरा वाळतो. पण त्याच खोलीत मॅट व्हार्निश फवारले की दमट हवेमुळे थर पांढरट पडतो आणि गडद रंगांवर धुके आल्यासारखे दिसते. फवारणीच्या तासभर आधी कूलर बंद करून दारे उघडा. पावसाळ्यात फवारणी टाळलेलीच बरी. व्हार्निश ब्रशने लावा किंवा नोव्हेंबरची वाट पाहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा खरा हंगाम.

पाण्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणि इतरत्रही बोअरच्या जड पाण्यात क्षार इतके असतात की पातळ वॉश, म्हणजे खळग्यांत उतरणारा पाणीदार रंग, वाळला की खळग्यात पांढरा काठ उमटतो. रंग खराब निघाला असे वाटून लोक बाटल्या बदलत बसतात. रंग पातळ करायला बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर वापरा. ऑटो पार्ट्सच्या दुकानात स्वस्त मिळते आणि एक लिटर अनेक महिने पुरते. ब्रश धुवायला साधे पाणी चालेल, शेवटचा हात मात्र डिस्टिल्डमध्ये.

रंग ओला ठेवायला पसरट झाकणाचा डबा घ्या. तळाशी स्पंजचा किंवा चार पदरी सुती कापडाचा थर ओला करून अंथरा, त्यावर बटर पेपर ठेवा आणि रंग कागदावर काढा. झाकण लावले की उन्हाळ्यातही रंग एक-दोन दिवस टिकतो. आत पाणी तुंबू देऊ नका, रंग आपोआप पातळ होऊन पसरतो. फारच कोरडी हवा असेल तर डिस्टिल्ड पाण्याच्या तीस थेंबांत मेडिकलमधल्या ग्लिसरीनचा एक थेंब. त्यापेक्षा जास्त घातल्यास रंग चिकट राहतो आणि धूळ धरतो.

दिव्याची जागा बदलू नका. पांढऱ्या एलईडीचा एकच दिवा, डावखुऱ्यांना उजवीकडे, बाकीच्यांना डावीकडे. वीज गेली म्हणून पिवळ्या उजेडात कातडीचा रंग मिसळू नये, दिवसा तो हमखास वेगळा दिसतो.

बाहुलीची तयारी

सैनिक पांढऱ्या धातूचा, रेझिनचा किंवा प्लास्टिकचा असतो. तिन्हींवर साच्याची बारीक शिवण असते, कानामागे, काखेत, पायाच्या आतल्या बाजूला. मेडिकलमधले ११ नंबरचे सर्जिकल ब्लेड आणि ३ नंबरचा दांडा ही यासाठी सर्वात स्वस्त व धारदार जोडी आहे. ब्लेड आडवे धरून खरवडा, कापायला जाऊ नका. मग ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून. रेझिन कोरडे घासू नये, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. मास्क लावा. पांढऱ्या धातूत शिसे असू शकते, म्हणून ते घासल्यावर हात धुतल्याशिवाय खर्रा-सुपारी, चहा काही तोंडात घालायचे नाही, आणि तो भुसा मुलांच्या हाती लागेल असा टाकायचा नाही.

साफ केलेली बाहुली भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातला तेलकटपणा राहिला तर प्राइमर पापुद्र्यासारखा निघतो. रेझिनला गरम पाणी नको, पाय वाकडे होतात.

दोन्ही पायांत हातड्रिलने एक मिमीचे भोक करून तांब्याची तार बसवा, खाली १२ मिमी बाहेर राहील अशी. हीच तार औषधाच्या बाटलीच्या बुचात खोचली की धरायला मूठ तयार होते, आणि शेवटी हीच तार जमिनीत जाते. नुसत्या फेविक्विकवर उभा केलेला सैनिक पहिल्याच धक्क्याला घोट्यापासून सुटतो. बंदुकीचा हात, ढाल असे जे भाग आतल्या रंगकामाच्या आड येतात ते आत्ता जोडायचे नाहीत.

मराठी शिपायाची तयार बाहुली क्वचितच मिळते. उभा, मोकळ्या हातांचा साधा सैनिक घेऊन डोक्यावरची टोपी कापावी आणि मुंडासे नवे बांधावे. यासाठी दोन भागांची शिल्पकार माती चांगली. एम-सील खरखरीत असते आणि लवकर आवळते, ती फटी भरायला आणि तळाच्या कामाला ठेवा.

मुंडाशाची कृती नीट करण्यासारखी आहे. दोन्ही भाग सारखे घेऊन पाच मिनिटे मळा, रंगाची एकही रेघ दिसता कामा नये. दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवा, चिकटपणा कमी होतो. काचेवर टाल्कम पावडर भुरभुरून एक मिमी जाडीची सुरळी वळा आणि ओल्या बोटाने ती चपटी करा, दोन मिमी रुंद पट्टी होईल. पहिली पट्टी कपाळावरून तिरपी उजव्या कानावर, दुसरी तिच्यावरून उलटी डाव्या कानावर, अशा पाच-सहा. प्रत्येक पट्टीवर ओल्या सुईने लांबीच्या दिशेने दोन-तीन पुसट रेषा ओढा, कापडाचा पीळ दिसतो. पट्ट्या समांतर बसवल्या तर डोक्यावर दोरखंड गुंडाळल्यासारखे होते. खरे मुंडासे प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते आणि एका बाजूला जरा जड असते. शेवटचे टोक मागे खोचा. चोवीस तास हात लावू नका.

प्राइमर

करड्या प्राइमरचे तीन पातळ हात, २० ते २५ सेंमी अंतरावरून, दोन हातांमध्ये पंधरा मिनिटे. फवारा बाहुलीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. गाडीचा प्राइमर धातूवर उत्तम बसतो, पण प्लास्टिक विरघळवू शकतो. आधी बाहुलीचे सुटे भाग ज्याला जोडलेले येतात त्या सांगाड्याच्या टाकाऊ काडीवर फवारून पाहा.

पूर्ण वाळल्यावर काळा हात सर्व बाजूंनी, आणि त्यावर पांढऱ्याचा एक हलका फवारा फक्त वरून, जिथून ऊन येणार तिथून. १५ डिसेंबरच्या सकाळचे ऊन आग्नेयेकडून, तिरपे. तटाची दिशा ठरलेली असेल तर हा फवारा कोणत्या खांद्यावर पडायचा तेही ठरते. या टप्प्यावर मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. पुढे सावली कुठे द्यायची याची शंका आली की तोच नकाशा.

रंग किती पातळ

पहिल्या थराला रंग एक भाग, पाणी एक भाग. त्यावरच्या उजळ-गडद थरांना एकास दोन. अगदी पातळ झाकेला एकास सहा ते आठ, पण तिथे निम्मे पाणी आणि निम्मे ॲक्रिलिक मीडियम घ्या, कारण नुसत्या पाण्याने रंगातला चिकटा तुटतो आणि वाळल्यावर रंग बोटाला लागतो. ब्रश बुडवला की टिपकागदावर एकदा टेका. हे न केल्याने जितकी कामे बिघडतात तितकी दुसऱ्या कशाने बिघडत नाहीत: थेंब सुटतो, खळग्यात साचतो, भोवती कडा पडते.

कापड रंगवायचे साधे हस्तकलेचे ॲक्रिलिक जमिनीला आणि दगडाला पुरते. चेहऱ्याला आणि कपड्याला आर्टिस्ट दर्जाचे ट्यूबमधले रंग किंवा लघुचित्रांसाठीचे बाटलीतले रंग घ्या, त्यातले रंगकण बारीक असतात. ब्रश शून्य आणि एक नंबरचे, टोकदार, चांगल्या केसांचे. डोळ्यासाठी तीन शून्यांचा ब्रश घ्यायचा मोह टाळा. त्याच्या पोटात रंगच मावत नाही आणि आपल्या हवेत तो डोळ्यापर्यंत पोचेतो वाळतो. बारीकपणा टोकाने येतो.

चेहरा

विदर्भातल्या उन्हात राबलेली कातडी बाटलीतल्या ‘स्किन’ रंगाने कधीच येणार नाही. बर्न्ट अंबर तीन भाग, यलो ऑकर दोन भाग, लाल अर्धा भाग, हा मधला रंग. दोन पातळ थरांत लावा. सावलीला याच मिश्रणात अंबर आणि किंचित अल्ट्रामरीन. ती मुंडाशाच्या खाली, डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या दोन्ही बाजूंना, खालच्या ओठाखाली, हनुवटीच्या खाली. उजेडाला ऑकर आणि थोडा नारिंगी वाढवत जा. पांढरा घातला की सावळी कातडी राख फासल्यासारखी दिसते, ही सर्वांत नेहमीची चूक. उजेडाच्या जागा मोजक्या: कपाळाचा मध्य, नाकाचा दांडा, गालाची हाडे, वरची पापणी, हनुवटी. प्रत्येक पायरीत जागा निम्मी करत न्या.

त्यानंतर चेहऱ्यात रंग भरायचा. नाकाच्या शेंड्याला, गालांना आणि खालच्या ओठाला तांबूस झाक, जबड्याला करडी-निळसर झाक. या दोन झाकांनी चेहरा जिवंत होतो आणि मिशी नंतर चिकटवल्यासारखी वाटत नाही.

डोळा पूर्ण उघडा रंगवू नका. उन्हाकडे पाहणारा माणूस डोळे बारीक करतो, आणि या मापात उघडा डोळा भेदरलेला दिसतो. गडद तपकिरी आडवी रेघ, तिच्यात फिकट करड्या-बदामी रंगाचे दोन इवले ठिपके, मध्ये काळपट बुबुळ जे वरच्या पापणीला टेकलेच पाहिजे, आणि वरून पापणीची गडद रेघ. नजर किंचित बाजूला, बंदुकीच्या नळीकडे. उजव्या हाताने रंगवणाऱ्यांनी डावीकडच्या, म्हणजे सैनिकाच्या उजव्या डोळ्यापासून सुरुवात करावी, म्हणजे दुसरा डोळा जुळवताना पहिला ब्रशाआड जात नाही.

कपडे

भोसल्यांच्या कवायती पलटणी सोडल्या तर गडावरच्या शिपायांना एकसारखा गणवेश नसे. सुती अंगरखा, चोळणा, कमरेला शेला. रंग ठरवताना त्या काळातल्या वनस्पतिज रंगांत राहा: निळीचा निळा, आल नावाच्या झाडाच्या मुळीचा विटकरी लाल, करडईच्या फुलांचा कुसुंबी. चकचकीत जांभळा किंवा पोपटी आला की शिपाई नाटकातला वाटतो.

पांढरा अंगरखा सर्वांत अवघड. पांढऱ्यापासून सुरुवात केली तर उजळायला जागाच उरत नाही. न धुवलेल्या मांजरपाटाचा रंग घ्या: पांढरा चार भाग, ऑकर एक भाग, करडा एक भाग. सुरकुत्यांच्या खोबणीत त्याच मिश्रणात अंबर आणि थोडा निळा. वर पाच-सहा पायऱ्यांत पांढरा वाढवत न्या आणि जवळजवळ शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर, कोपराच्या घडीवर, मांडीच्या कंगोऱ्यावर, एकूण कापडाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. काखेत आणि पाठीवर फिकट बदामी झाक दिली की घाम दिसतो.

लाल शेला नारिंगी-ऑकरने उजळायचा, कारण पांढऱ्याने तो गुलाबी होतो. त्याची सावली गडद तपकिरीत थोडा हिरवा घालून. निळा मात्र फिकट करड्याने उजळला तरच निळीचे विटके कापड वाटते. गुडघे आणि काठ जास्त विटवा.

बंदूक, ढाल, जामगी

नळीला काळपट करडा रंग द्या. वाळल्यावर सहा बी पेन्सिलीचे शिसे पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा आणि ती बोटाने नळीवर चोळा. हात लागून गुळगुळीत झालेल्या लोखंडाची ही चमक चांदीच्या रंगाने येत नाही. तांबूस गंजाची झाक फक्त रंजकाच्या कानाभोवती (जिथे दारू पेटवतात त्या भोकाभोवती) आणि बंदांच्या कडेला. त्यावर व्हार्निश नको, चमक मरते.

दस्त्याला तपकिरी, त्यावर लांबीच्या दिशेने फिकट-गडद तुटक रेघा, मग पातळ तांबूस झाक. रेघा आडव्या गेल्या तर लाकूड खोटे वाटते.

जामगी म्हणजे बंदूक डागायची पेटती वात. तिच्यासाठी मोटार रिवायंडिंगच्या दुकानातली केसासारखी तांब्याची तार मागून घ्या, टाकाऊ वितभर पुरते. दोन तारा एकत्र धरून पीळ द्या, दस्त्याभोवती तीन वेढे घाला, एक टोक घोड्यात, म्हणजे वात धरणाऱ्या चिमट्यात. रंग वाळल्या सुतळीचा. पेटत्या टोकाला दीड मिमी राखाडी, अगदी शेंड्यावर नारिंगीचा एक ठिपका. मोठा लाल गोळा करू नका, दिवसा जामगीचा निखारा जेमतेम दिसतो.

ढाल चामड्याची, काळपट तपकिरी, सॅटिन व्हार्निश. चार फुल्यांना, म्हणजे ढालीवरच्या गोल उंचवट्यांना, पितळी रंग आणि भोवती काळी बारीक रेघ. कडेला दोन-तीन खरचटे: आधी फिकट रेघ, तिच्या वरच्या अंगाला गडद रेघ, म्हणजे चीर खोल वाटते.

शेवटी सगळ्यावर मॅट व्हार्निश, नळी आणि ढाल झाकून. मग डोळ्यांत चकाकत्या व्हार्निशचा एक-एक ठिपका.

जमीन

ठोकळा सागाचा घ्या, ६ बाय ६ सेंमी, उंची ४ सेंमी. सुताराकडे किंवा आरागिरणीवर असे तुकडे पडलेले असतात. वाळवीच्या गावात आंबा-सावरीचे लाकूड घेणे म्हणजे काम वाया घालवणे. १२०, २२०, ४०० नंबरने घासून पॉलिशचे तीन हात द्या आणि बाजू मास्किंग टेपने झाका. सेलोटेप नको, गोंद राहतो. पॉलिशला दुसरेही कारण आहे. कच्च्या लाकडातून आणि एमडीएफमधून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे असलेला धातू काही वर्षांत पांढरी भुकटी होऊन झडतो, म्हणून लाकूड सर्व बाजूंनी, तळालाही, बंद करायचे.

सैनिक ठोकळ्याच्या कडांना समांतर उभा करू नका, थोडा तिरपा आणि मध्यापासून जरा मागे. त्याची नजर जिकडे तिकडे जास्त जागा सोडा. जमिनीला उतार द्या, मागे तट, पुढे दहा मिमी खाली उतरलेला मुरूम. उतारासाठी कॉर्क सर्वांत बरे. थर्माकोल घेतला तर त्यावर फेविकोलचे दोन हात देऊनच पुढे जा, कारण स्प्रे आणि फेविक्विक त्याला खातात.

तट प्लास्टर ऑफ पॅरिसचा. एक वाटी पाण्यात दोन वाट्या प्लास्टर भुरभुरत टाका. प्लास्टरवर पाणी ओतले की गुठळ्या होतात. प्लास्टिकच्या ट्रेत दहा मिमी जाडीची वडी ओता, वीसेक मिनिटांत नखाने खूण उमटेल इतकी घट्ट होते. तेव्हा सुईने दगडांचे सांधे कोरा. थर साडेनऊ मिमीचे, उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. एखादा दगड तोफगोळ्याने फुटलेला हवा असेल तर वडी पूर्ण वाळल्यावर चिमट्याने कोपरा तोडा, कोरून तसा तुटका पृष्ठभाग येत नाही. दगडांना गडद करडा, काहींना तपकिरी, काहींना निळसर करडा, मग पातळ काळा वॉश, मग कोरड्या ब्रशने, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश फक्त कंगोऱ्यांवर घासत, फिकट करडा. सांध्यांजवळ तांबूस झाक आणि सुकलेल्या शेवाळाचे काळे ओघळ, पावसाळ्यानंतर तीन महिन्यांनी दिसतात तसे.

फुटलेल्या दगडांसाठी गिट्टी खदानीवरची चुरी घ्या. तीही बेसाल्टच, तुटण्याची धाटणी तीच. किल्ल्यावरून काही उचलून आणायचे नाही. गाविलगड संरक्षित स्मारक आहे आणि भोवती मेळघाट व्याघ्र प्रकल्प.

मुरमासाठी शेताच्या धुऱ्यावरची तांबूस माती आधी मैद्याच्या चाळणीने, त्यातली निम्मी नंतर कापडाने गाळा. तव्यावर मंद आचेवर वीस मिनिटे भाजा, अंडी-किडे मरतात आणि ओल जाते. माती तीन भाग, फेविकोल एक भाग, पाणी एक भाग, थोडा आरागिरणीचा चाळलेला भुसा. तीन मिमीचा थर सुरीने पसरा आणि ओला असतानाच चुरी दाबा, म्हणजे दगड मातीत रुतलेले दिसतात. याच वेळी बुचावरचा सैनिक काढून तारेने जागेवर टोचा आणि लगेच उचला, पावलाचा ठसा उमटतो. पुढे सैनिक त्याच ठशात बसतो.

काळी माती हीच कृती मानत नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे जाड थर कडांपासून सुटतो आणि मध्ये वाटेल तिथे फाटतो. भेगा नको असतील तर काळ्या मातीच्या एका भागाला बारीक वाळूचे दोन भाग घाला. भेगाच हव्या असतील तर त्या वेगळ्या बनवा: प्लास्टिकवर शुद्ध काळ्या मातीचा चिखल, त्यात फेविकोल नावापुरता, चार मिमी जाडीने पसरून सावलीत वाळवा. निघालेले तुकडे त्याच क्रमाने उचलून ठोकळ्यावर फेविकोलने बसवा, मधे एक-एक मिमी फट सोडून. प्रमाणात ती तीन सेंटिमीटरची भेग होते, हिवाळ्यातल्या शेताला शोभेशी.

दोन्ही माती वाळल्यावर रंगवावीच लागते. फेविकोल प्यायलेली माती गडद आणि एकसुरी होते. मुरमाला विटकरी-तपकिरी, त्यावर ऑकर आणि फिकट बदामीचा कोरडा ब्रश. काळ्या मातीला शुद्ध काळा कधीच नको. गडद करडा-तपकिरी, वरच्या कडांना राखाडी.

गवतासाठी सुतळी १४ मिमीची कापून उकला, दहा-बारा धाग्यांच्या बुडाला फेविकोल लावून दीड मिमीच्या भोकात बसवा आणि वाळल्यावर टोके असमान छाटा. डिसेंबरचे गवत पिवळट बदामी असते, हिरवा फार तर बुडाशी. चिकटवायला पिठाची खळ कधीही वापरू नका, झुरळे येतात. निष्पर्ण झुडपासाठी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडाच्या) मुळ्या धुऊन वाळवून घ्या, फांद्यांचे फाटे अगदी प्रमाणात मिळतात.

सागाचे पान तीसेक सेंटिमीटरचे, म्हणजे इथे दहा मिमी. जुन्या वहीच्या तपकिरी कव्हरातून रुंद पाने कापा, मध्ये नखाने घडी घाला, कडा ओल्या बोटांनी मुरडा. काही पाने पालथी ठेवा, सागाच्या पानाचा मागचा भाग फिकट असतो. सहा-सात पुरेत, आणि ती तटाच्या कोपऱ्यात साचलेली हवीत, कारण वारा ती तिथेच नेतो.

सैनिक आणि जमीन एक करणे

तारांना अराल्डाइट लावून सैनिक ठशात बसवा. फेविक्विकच्या वाफेने आसपासच्या रंगावर पांढरे डाग पडतात, म्हणून इथे ते नको. पायाभोवतीची फट त्याच मुरमाच्या मिश्रणाने भरा.

मुरमाला वापरलेला मधला रंग आठपट पातळ करून जोड्यांवर, घोट्यांवर आणि चोळण्याच्या काठावर खालून वर कमी होत जाणारे दोन-तीन हात द्या. तट चढताना घासलेल्या गुडघ्यावर आणि बंदुकीच्या दस्त्याच्या बुडावरही. त्यावर कापडाने गाळलेली तीच माती मऊ ब्रशने टेकवून लावा, फुंकर घालून जास्तीची उडवा आणि मॅट व्हार्निशच्या अगदी हलक्या फवाऱ्याने बसवा. फवारा जड झाला तर धूळ नाहीशी होते. तेव्हा पुन्हा माती लावा, व्हार्निश वाढवू नका. शेवटी सैनिकाच्या सावलीच्या बाजूला, पायाशी, जमिनीवर गडद तपकिरीची पातळ झाक. चेहऱ्यावर ठरवलेली उन्हाची दिशा इथे चुकली तर लगेच डोळ्यांत भरते.

पेटी

कपाशीच्या आणि मळणीच्या दिवसांत घरात येणारी धूळ आणि तंतू उघड्या बाहुलीवरून काढता येत नाहीत. खिडक्यांची काच कापणाऱ्याकडून तीन मिमीच्या पाच काचा कापून घ्या आणि सिलिकॉनने जोडा. सिलिकॉनचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत, किमान आठवडाभर, आत सैनिक ठेवू नका. तो वासही त्याच आम्लाचा. मागच्या बाजूला खाली दोन मिमीची फट हवा खेळायला सोडा आणि तिला आतून मलमलीची पट्टी लावा. पेटी पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, निळा आणि लाल दोन्ही उडतात. उंची अशी ठेवा की पाहणाऱ्याची नजर सैनिकाच्या छातीच्या पातळीवर येईल, कारण वरून पाहिले तर मुंडाशाखाली सगळा चेहरा झाकला जातो.